सभेला जाण्याआधी फोनमध्ये काय हवं : 'नो युअर कँडिडेट' आणि 'सी-व्हिजिल' कितपत कामाची?

विधानसभेच्या प्रचारात उमेदवाराला भेटायचं म्हटलं की बहुतेक जण जाहीर सभेला जातात. भेट होण्याची शक्यता तिथेच सगळ्यात कमी असते. मोठा नेता उशिरा येतो, सत्कार आणि हारतुरे लांबतात, रात्री १०ला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, आणि या सगळ्यात उमेदवाराच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. भाषण संपलं की तो नेत्याला गाडीपर्यंत सोडायला जातो. मतदाराला खरोखर दोन वाक्यं बोलायला मिळतात ती पदयात्रेत किंवा कोपरा सभेत. पण त्या दोन वाक्यांत काय बोलायचं, याची तयारी घरी करून जावी लागते. निवडणूक आयोगाची दोन ॲपे या कामाची आहेत. पहिलं, उमेदवाराची माहिती देणारं 'नो युअर कँडिडेट', उत्तम आहे. दुसरं, आचारसंहिताभंगाची तक्रार करायचं 'सी-व्हिजिल', चांगलं आहे, पण कशासाठी ते नीट समजून घ्यायला हवं.

'नो युअर कँडिडेट', म्हणजे केवायसी, २०२२च्या सुरुवातीला पाच राज्यांच्या निवडणुकांच्या वेळी आलं. मे २०२५मध्ये आयोगाने आपली चाळीसेक ॲपे आणि संकेतस्थळं 'ईसीआयनेट' या एकाच ॲपमध्ये आणण्याचं जाहीर केलं, त्यामुळे नव्या फोनवर आधी ईसीआयनेटच बघावं. वापर सोपा आहे. निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडा किंवा थेट नाव टाका. उमेदवाराचा फोटो, पक्ष, अर्जाची स्थिती आणि गुन्हे आहेत की नाहीत एवढं समोर येतं. बरेच जण इथेच थांबतात. 'गुन्हे : आहेत' हे वाचून मत बनवणं म्हणजे रक्ताचा रिपोर्ट न उघडता पाकिटावरून आजार ठरवणं. आंदोलनात रस्ता अडवला म्हणून दाखल झालेला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा, दोन्हींसमोर तोच एक शब्द येतो. खरा माल आतल्या प्रतिज्ञापत्रात असतो, म्हणजे अर्जासोबत शपथेवर द्यायच्या नमुना २६मध्ये. ते उतरवून घ्यायचंच.

इथे दोन अडचणी हमखास येतात. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात, म्हणून तेच नाव यादीत दोन-तीनदा दिसतं आणि लोक गोंधळतात. स्वीकारलेला अर्ज निवडायचा, आणि माघारीची मुदत संपल्यानंतर 'निवडणूक लढवणारे' अशी गाळणी लावायची. २०२४च्या महाराष्ट्र विधानसभेला अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर होता, माघारीचा ४ नोव्हेंबर आणि मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे ४ तारखेनंतर वाचायला बसलात की पक्की यादी हातात येते आणि प्रचाराचे दोन आठवडे शिल्लक असतात. दुसरी अडचण नामसाधर्म्याची. आपल्याकडे मातब्बर उमेदवारासमोर त्याच नावाचे एक-दोन अपक्ष उभे असतात. वडिलांचं नाव आणि फोटो जुळवल्याशिवाय कागद उघडू नये, नाहीतर भलत्याच माणसाची मालमत्ता वाचून प्रश्न विचारायला जाल.

प्रतिज्ञापत्र स्कॅन केलेलं असतं. त्यामुळे त्यात शब्द शोधता येत नाही, काही पानं आडवी असतात, काही शिक्के आकड्यांवरच बसलेले असतात. ही या सेवेची सगळ्यात मोठी उणीव. आयोगाकडे ही माहिती तक्त्यात देण्याची क्षमता नाही असं कुणी म्हणणार नाही. तोवर 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या स्वयंसेवी संस्थेचं 'मायनेता' हे संकेतस्थळ सोबत उघडावं. तिथे तेच आकडे टंकून दिलेले असतात आणि जुन्या निवडणुकांचीही नोंद मिळते. दुसऱ्यांदा उभ्या असलेल्या उमेदवाराचं २०१९चं आणि २०२४चं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून वाचलं की प्रश्न आपोआप तयार होतात.

वाचायचं कसं? वेळ कमी असेल तर शेवटचा भाग 'ब' आधी, तिथे सगळ्याचा गोषवारा असतो. वेळ असेल तर रकाना ५ ते १०. पाचव्यात प्रलंबित गुन्हे : पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलमं आणि न्यायालयाने दोषारोप निश्चित केलेत की नाही. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गुन्हा नोंदवणं पोलिसांचं काम आहे. दोषारोप निश्चित होतात तेव्हा न्यायाधीशाने कागद बघितलेले असतात. सातव्यात जंगम आणि स्थावर मालमत्ता. शेतजमिनीसमोर गट नंबर, क्षेत्र, वारसाने आली की विकत घेतली, कधी घेतली, कितीला घेतली आणि आजचा अंदाजे बाजारभाव, हे सगळं द्यावं लागतं. बाजारभाव उमेदवार स्वतःच लिहितो, त्यामुळे गावातला दर माहीत असणाऱ्याला तो आकडा लगेच कळतो. आठव्यात कर्ज आणि सरकारी देणी. नवव्यात व्यवसाय, ९अमध्ये उत्पन्नाचा स्रोत, आणि त्यालाच जोडून ९बमध्ये सरकारी कंत्राटं : स्वतःची, पत्नीची किंवा पतीची, अवलंबितांची. तालुक्यातल्या रस्त्यांची कामं कुणाकडे जातात हे माहीत असलेल्या माणसाने ९ब न वाचता जाऊच नये. २०१९पासून मागच्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्नही द्यावं लागतं. ते आणि सातव्या रकान्यातली वाढ शेजारी ठेवा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने दोन्हींत फरक पडू शकतो, हे लक्षात ठेवूनच बोट ठेवा.

रकाना कोरा दिसला तर ती गंभीर गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये स्पष्ट केलंय की काही सोडता येत नाही. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावंच लागतं. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आयोग मात्र प्रत्येक आकडा तपासून खरा-खोटा ठरवत नाही. ते काम गावातल्या लोकांनाच जमतं, आणि म्हणूनच हे वाचून भेटायला जाण्याला अर्थ आहे.

आता प्रत्यक्ष भेट. पदयात्रेचा मार्ग आदल्या संध्याकाळी प्रभागातल्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर येतो. ढोल-ताशे आणि औक्षण असतं तिथे, म्हणजे चौकात, थांबू नका. मार्गाच्या शेवटच्या टप्प्यावरच्या एखाद्या दुकानाच्या किंवा सोसायटीच्या फाटकाशी उभे राहा. तोवर गर्दी विरळ झालेली असते. प्रश्न एकच, एका वाक्याचा, आकड्यासह. "दादा, तुमच्या प्रतिज्ञापत्रात ९बमध्ये निरंक आहे, पण आपल्या पाझर तलावाच्या फलकावर तुमच्या भावाच्या फर्मचं नाव आहे. ते कसं?" असं शांतपणे विचारलं तर उत्तर मिळतं, कारण भाऊ अवलंबित नसेल तर कायद्याने ते लिहावं लागत नाही, आणि उमेदवार तेच सांगेल. ते उत्तरही ऐकण्यासारखं असतं. "बघू, नंतर बोलू" असं म्हणून तो पुढे गेला, तर मागून येणाऱ्या स्वीय सहायकाच्या वहीत प्रश्न आणि आपला बूथ क्रमांक लिहून घ्यायला सांगा. बूथ क्रमांक सांगितला की वही उघडतेच. ओरडून विचारलेल्या प्रश्नाला कार्यकर्ते घोषणा देऊन उत्तर देतात, आणि तिथेच ते संपतं.

सी-व्हिजिल वेगळ्या कामाचं आहे. आचारसंहितेचा भंग समोर होत असेल तर तिथल्या तिथे फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढून पाठवायचा. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, आणि ॲपमधून काढलेला फोटो आपल्या फोनमध्ये जतनही होत नाही. तक्रार पाठवायला चित्रण झाल्यापासून पाच मिनिटं मिळतात. सभेत नेमकं इथेच घोडं अडतं. हजारो फोन एका टॉवरवर असल्याने नेट मिळत नाही आणि पाच मिनिटं निघून जातात. उपाय असा : लोकेशन आणि ॲप मैदानात शिरण्याआधी चालू करून ठेवा, दोन मिनिटांच्या व्हिडिओऐवजी फोटो घ्या आणि लगेच मैदानाच्या कडेला या. नाव न देता तक्रार करता येते, पण मग पुढे काय झालं ते कळत नाही.

तक्रार पोहोचली की पुढचं वेळापत्रक ठरलेलं आहे : पाच मिनिटांत पथकाकडे, पंधरा मिनिटांत भरारी पथक जागेवर, तीस मिनिटांत त्यांची कारवाई, पन्नास मिनिटांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा निकाल. एकूण १००. २०२४च्या लोकसभेला मार्चअखेर ७९,०००हून अधिक तक्रारी आल्या, त्यांतल्या सुमारे ८९ टक्के १०० मिनिटांच्या आत निकाली निघाल्या. आकडा भारी आहे, पण त्यातल्या ७३ टक्के तक्रारी बेकायदा फलक-बॅनरच्या होत्या. पैसे, भेटवस्तू, दारू वाटपाच्या फक्त १,४०० च्या आसपास. फलक जागेवरच लटकत असतो, त्यामुळे पथकाला पंधरा मिनिटं पुरतात. पाकीट वाटणारा माणूस पंधरा मिनिटांत दोन गल्ल्या पुढे गेलेला असतो. म्हणून १०नंतर चालू असलेला ध्वनिक्षेपक, विनापरवाना फलक, विनापरवाना गाडी यांसाठी सी-व्हिजिल वापरा, खात्रीने वापरा. पैशाच्या तक्रारीत फोटोबरोबर गाडीचा क्रमांक आणि गेलेली दिशा लिहा.

सभेत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते. आयोगाचं व्हिडिओ पथक व्यासपीठाची लांबी-रुंदी, खुर्च्या, कटआउट आणि गाड्या टिपत असतं. त्या चित्रणावरून खर्च लावून उमेदवाराच्या हिशोबाशी ताडून बघतात. महाराष्ट्रात विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे, गोव्यात २८ लाखांची. स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार व्यासपीठावर बसला की सभेचा खर्च त्याच्याही खात्यात येतो. उमेदवाराच्या रोजच्या हिशोबाची प्रत पानाला एक रुपया देऊन कुणालाही मागता येते. सभेला किती खुर्च्या होत्या हे मोजून आलेल्या माणसाने ती जरूर मागावी.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे केंद्रीय आयोगाची ही दोन्ही ॲपे चालत नाहीत. १५ जानेवारी २०२६ला झालेल्या २९ महापालिकांच्या मतदानासारख्या वेळी प्रतिज्ञापत्रं राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर शोधावी लागतात. मुंबई सोडून बहुतेक ठिकाणी प्रभाग चार सदस्यांचा असल्याने वाचायची पानं चौपट होतात, तेव्हा छाननी झाली की त्याच आठवड्यात बसा.