शिवाजीनगर कोर्टातला मोफत कायदा सल्ला: माझा अनुभव

भोसरीत एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. दिवाळीपासून सुपरवायझरचा त्रास सुरू झाला. आधी घाणेरडं बोलणं, मग रात्रीचे मेसेज, मग रॅकपाशी वाट अडवणं. वकील करायची ऐपत नव्हती. मावसबहीण म्हणाली, "ताई, शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना फुकट वकील देतात." खरंच देतात. उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने बाईला तो हक्कच आहे. १५१०० वर फोनही करता येतो.

मी मानवी हक्क आयोगाच्या नावाने अर्ज लिहूनच नेला होता. पॅनेलवरच्या वकील मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाल्या, आयोग बघतो ते सरकारी नोकरांचं वागणं; खासगी कारखान्यातल्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे करायची. दहा माणसं कामाला असली की समिती हवीच. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. "मग हा हक्काचा प्रश्न नाही का?" मी विचारलं. त्यांनी कायद्याचं पहिलंच पान माझ्यापुढे धरलं. असा छळ म्हणजे बाईच्या समानतेच्या हक्काचा भंग, घटनेचं कलम १४ आणि १५, असं तिथे छापलंय. माझे डोळे भरून आले. तोवर जो तो मला "त्याचा स्वभावच तसा" एवढंच सांगत होता.

शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. माझे अडीच होऊन गेले होते आणि तारखा आठवेनात. त्रास झाला त्या दिवशी मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक फुली मारायचे, हे सांगायलाही मला संकोच वाटत होता. मॅडम म्हणाल्या, "ती पानंच घेऊन या." अकरा फुल्या निघाल्या. एकेका फुलीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं आणि माझ्याच शब्दांत लिहून घेतलं, एकही शब्द गुळगुळीत केला नाही.

तीनदा जावं लागलं. मेसेजचे प्रिंट आणि नेमणुकीचं पत्र सोबत न्या. तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात. सातवीवर पोच घेऊन ती जपून ठेवा. कंपनीतून "काही घेऊन मिटवा" असा निरोप आला, तेव्हा मॅडमनी शिकवलेलंच उत्तर दिलं: पैशांवर समझोता कायद्यात बसत नाही. चौकशी होईपर्यंत त्याची बदली करा, असंही लिहून मागितलं. चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे, त्यातले ३१ झालेत. तो सध्या पलीकडच्या शेडमध्ये आहे.