ख्रिस्ती विद्यापीठात फॉरेन्सिक सायन्स: दोन सत्रांनंतर

जूनपासून मुंबईतल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या विद्यापीठात फॉरेन्सिक सायन्सचं बीएस्सी करतेय. प्रवेश घेताना मावशीला दोनच काळज्या होत्या: "मुडदे फाडायला लावतात का गं?" आणि "प्रार्थनेला बसवतात का?"

शवविच्छेदन डॉक्टर करतात. आमच्या वाट्याला रक्ताचे डाग, कागद, काच, ठसे. प्रार्थना म्हणाल तर सकाळी स्पीकरवर मिनिटभर, तेवढं उभं राहायचं. बायबलचा पेपर नाही, नाताळची सुट्टी मात्र घसघशीत.

मालिका बघून येणाऱ्यांनी आधी जर्नल बघावं. निम्मा वेळ लिहिण्यात जातो. पुरावा कुणी उचलला, कशात भरला, सील कुणी केलं, कुणाच्या हाती दिला. या साखळीतली एक सही राहिली तरी बाई पान परत करतात. चिडचिड होते, पण कोर्टात वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार.

प्रॅक्टिकल मात्र झकास. पावसाळ्यात काचेवरचे ठसे घेताना काळी पावडर दमट होऊन गोळे धरायची, ब्रश फिरवला की शंख-चक्र सगळं फराटलं. कागदावरच्या ठशांना तीच हवा मानवते, कारण निनहायड्रिन या ठसे उठवणाऱ्या रसायनाला घामातल्या अमिनो आम्लांशी रंग धरायला दमटपणा लागतो. पांढऱ्या कागदावर हळूहळू जांभळ्या रेघा उमटताना बघायला मजा येते.

रक्ताची कास्टल-मेयर चाचणीही अशीच. थेंब टाकला की गुलाबी, सगळे "रक्त!" म्हणून ओरडले. बाईंनी मग बटाट्याच्या फोडीवर तेच करून दाखवलं, तीही गुलाबी. भाजीतल्या पेरॉक्सिडेझ या एन्झाइमचा हा प्रताप. म्हणून अहवालात "रक्त असण्याची शक्यता" एवढंच लिहायचं, पुढच्या खात्रीच्या चाचण्या होईपर्यंत. त्याच आठवड्यात नीतिशिक्षणाच्या तासाला फादरांनी विचारलं, आरोपी दोषी असल्याची तुमची खात्री आहे, मग "शक्यता" शब्द गाळाल का? वर्गात जुंपली. या तासासाठी मी फीमधले थोडे पैसे आनंदाने देईन.

फी खरंच जड आहे. मुंबईत 2009 पासून सरकारी फॉरेन्सिक सायन्स संस्था आहे, तिथे नंबर लागत असेल तर आधी तो विचार करा. नोकरीबद्दल हवेतल्या गप्पा फार. फौजदारी तपासाच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 176(3) नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. माणसं लागणार हे खरं, पण राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ही दुसरी ओळ प्रवेशाच्या माहितीपत्रकात नसते.

शिवाय दोन नमुने शेजारी-शेजारी ताडून बघायचा कंपॅरिझन मायक्रोस्कोप आमच्याकडे एकच. केसांच्या प्रॅक्टिकलला त्याच्यापुढे रेशनसारखी रांग लागते. प्रवेशाआधी लॅब उघडून दाखवायला सांगा आणि उपकरणं स्वतः मोजा. चॅपल सगळेच दाखवतात.