मासेरातीची चाकं आणि माझे 27 हजार

सातपूर एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, 22 वर्षं काढलीत मी. दिवसभर हातात माप घ्यायचा व्हर्नियर आणि समोरच्याने केलेला जॉब, म्हणजे पार्ट, रिजेक्ट, पोरं पाठीमागे मला काय म्हणतात तेही माहितेय. तर असा माणूस व्हर्नियरच्याच फोटोवर गंडला, आणि एकदा नाही तर तीनदा पैसे घालवून बसला. घरी सांगून झालं, कंपनीत सगळ्यांचं हसून झालं, विषय संपवला होता मी खरं तर. पण मागच्या आठवड्यात जे झालं त्यानंतर गप्प बसवेना म्हणून सगळंच लिहून टाकतो.

आधी गाडी सांगावी लागेल, नाहीतर मी का गंडलो ते कळणार नाही. मासेराती 250एफ ही रेसची गाडी, फँगिओ ह्या रेसरची, 1957 ची. त्या वर्षी 4 ऑगस्टला जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकला हा माणूस 46 वर्षांचा होता, पिट स्टॉपमध्ये वेळ गेला आणि हॉथॉर्न आणि कॉलिन्सच्या फेरारी पाऊण मिनिटाच्या वर पुढे निघून गेल्या, मग ह्याने लॅपमागून लॅप रेकॉर्ड मोडत 9 मिनिटं 17.4 सेकंदाची लॅप मारली आणि 3.6 सेकंदांनी रेस घेतली, पाचवं वर्ल्ड टायटल तिथेच पक्कं झालं. ती गाडी मी 1:8 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या आठव्या हिश्शाएवढी, बनवतोय. किट आणून चिकटवायचं नाही, सगळं हाताने. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2280 मिमी, भागिले 8 म्हणजे 285, तेवढ्यावर पितळी नळ्यांची फ्रेम, प्रत्येक जॉइंट सोल्डरचा. इंजिन सहा सिलिंडरचं, एका सिलिंडरला दोन प्लग म्हणजे 12 प्लग आणि 12 वायरी, एका बाजूला तीन वेबर कार्ब्युरेटर. चार वर्षं चाललंय. बायको म्हणते एवढ्यात खरी घेतली असती, तिला खऱ्या 250एफची किंमत माहीत नाही.

बॉडीचं काम मात्र मी केलं नाही. मूळ गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मोडेनाला फँटुझी नावाच्या कारागिराने ठोकलेला, म्हटलं आपल्याकडे तांबट आळी असताना आपण कशाला रडायचं. सागाचा ठोकळा तासून घेऊन गेलो, तिथे एक म्हातारे बाबा आहेत, दोन-तीन मिनिटं त्यांनी तो ठोकळा नुसता उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "हे काय, मासा आहे का?" मी म्हटलं बाबा रेसची गाडी आहे. "बरं बरं." तांब्याचा 24 गेज पत्रा, लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात टाकायचा, ठोकायचा, कडक झाला की परत तापवायचा. शेवटी मठारून असा काही गुळगुळीत केला की प्रायमरखाली झाकायला जीव होईना. अ‍ॅडव्हान्स द्यायला गेलो तर म्हणाले, साहेब आधी बघा तरी मला जमतंय का. ते असो.

घोडं अडलं ते चाकांवर. 250एफला तारेच्या स्पोकची, बोरानी कंपनीची चाकं. खरा स्पोक तीन-साडेतीन मिलीमीटरचा धरला तरी 1:8 ला तार लागते 0.4 च्या आसपास. त्यासाठी मी गिटारची दुसरी तार आणली, 0.016 इंच, माप अगदी बरोबर बसतं, पण रिमला आणि हबला तिरकी भोकं पाडायची म्हणजे 0.5 चं ड्रिल, जरा हात हलला की खटकन तुटणार. एका चाकात 14 ड्रिल तोडली आणि चाक फिरवलं तर ताकातल्या रवीसारखं हलत होतं. वैतागून एका स्केल मॉडेलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की कोणी स्पोकची चाकं करून देतं का, पैसे देईन. सोबत फ्रेमचे चार फोटो टाकले, जरा भाव खायला, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या तासात पर्सनलवर मेसेज. पुण्याला छोटं वर्कशॉप आहे, बोरानी चाकंच करतो म्हणाला, मराठी शुद्ध आणि बोलायला एकदम नम्र, प्रत्येक वाक्यात सर. पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? "सर, कुठल्या वर्षाची गाडी?"

झालं. मी पाघळलोच. चार वर्षांत घरात, कंपनीत, सोसायटीत एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. मी त्याला लेक्चरच दिलं, की फँगिओने 1954 ला पण सीझनच्या सुरुवातीला हीच गाडी चालवली, अर्जेंटिना आणि बेल्जियम जिंकला आणि मग मर्सिडीजकडे गेला, आणि माझी ती नाही, माझी 1957 ची, तिच्या फ्रेमच्या नळ्या बारीक, टायर पुढचे 5.50 बाय 16, मागचे 7.00 बाय 16, म्हणजे रिम 16 इंच, 8 ने भागलं की बरोबर 2 इंच. तो फक्त "वा सर", "करेक्ट सर", "तुमचा अभ्यास आहे सर". दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "सर 1957 म्हणजे बारीक नळ्यांची फ्रेम ना, मग हब पण त्याच हिशोबाने घेतो." मी बायकोला म्हटलं, बघ, ह्याला म्हणतात जाणकार माणूस.

आता नंतर ते चॅट परत वाचलं तेव्हा घाम फुटला. त्याने स्वतःहून सांगितलेली एक गोष्ट नाही त्यात, एक पण नाही. सगळं मीच सांगितलेलं आणि एक दिवस शिळं करून त्याने मलाच वाढलेलं.

एका चाकाचे 4,500, चारचे 18,000, अर्धे आधी. क्यूआर पाठवला, स्कॅन केला तर नाव भलतंच, कुठल्यातरी बाईंचं. विचारलं तर, वहिनीचं अकाउंट आहे सर, माझं आजचं लिमिट संपलंय. पटलं मला. 9,000 गेले.

बारा दिवसांनी फोटो आला. काय चाक होतं राव! चकचकीत रिम, स्पोक एकमेकांवरून गेलेले, मध्ये कानवाला नट, आणि रिमच्या कडेला डिजिटल व्हर्नियर लावलेला, डिस्प्लेवर 2.000 इंच. मी तो फोटो कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवला. तिथल्या तिथे उरलेले 9,000 पाठवले, कारण म्हणे सर कुरियरवाला खाली उभा आहे.

त्या फोटोत दोन गोष्टी होत्या ज्या मला दिसायला हव्या होत्या. एक तर पुण्याच्या वर्कशॉपवाला व्हर्नियर इंचात कशाला लावेल, आपल्याकडे सगळं मिलीमीटरमध्ये चालतं. आणि दुसरं, जे जास्त लागलं मला, 16 इंच हे रिमवर टायर जिथे बसतो तिथलं माप असतं, बाहेरच्या कडेचं नाही, कड त्याहून मोठी असते. म्हणजे खरं 1:8 चं चाक असतं तर बाहेरच्या कडेवर 2.000 येऊच शकत नाही, त्यापेक्षा जास्त यायला पाहिजे. मी त्याला नुसतं "रिम 2 इंच" म्हणालो होतो आणि त्याने मला 2 इंच दाखवले. एखाद्या ऑपरेटरने असं माप घेतलं असतं तर मी त्याला सगळ्या शॉपसमोर झापला असता. नंतर गूगल लेन्सवर टाकला तर मूळ फोटो सापडला, बाहेरच्या देशातल्या कोणीतरी केलेलं मोटारसायकलच्या मॉडेलचं चाक, व्हर्नियर तोच, बोट तेच, आकडा वेगळा. झूम केल्यावर दिसतं, 2.000 मधली तिन्ही शून्यं एकच शून्य कॉपी करून चिकटवलेली आहेत.

पार्सल आलं, हो, आलं ना. म्हणूनच तर जास्त फसलो. ट्रॅकिंग नंबर खरा, वजन 340 ग्रॅम, ओटीपी देऊन घेतलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या ट्रकची चार चाकं आणि वजनाला एक मोठा लोखंडी नट. नट चांगला आहे, पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवलाय. उघडताना व्हिडिओ काढला नव्हता. त्यामुळे ह्यात चाकं नव्हती हे मी म्हणतोय आणि पार्सल पोचलं हे रेकॉर्ड म्हणतंय. पार्सल असंच यायला हवं असतं त्यांना, पैसे घेऊन नुसता गायब झाला तर आपण लगेच ओरडतो, पार्सल आलं की दोन दिवस आपण "चुकून दुसऱ्याचं आलं असेल" ह्यातच घालवतो. मीही तेच केलं. त्यालाच मेसेज केला, तर लगेच फोन! आवाजात रडू यायचं बाकी. "सर, पॅकिंगच्या मुलाने घोळ घातला, माझी इज्जत गेली, अर्धे पैसे आत्ता परत घ्या, चाकं पण पाठवतो." क्यूआर आला, 9,000 चा. स्कॅन करा आणि पिन टाका, रिफंड जमा होईल.

मी पिन टाकला. जमा नाही झाले, अजून 9,000 गेले.

मी हॉलमध्ये बसलेलो, बायको कणीक मळत होती, तिला सांगितलं तर तिने वर न बघताच विचारलं, "अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागेल?" तिचं शिक्षण कॉमर्सचं, माझं मेकॅनिकल. खरंच, पैसे येताना पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करायला पण लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जाणार, एवढीच गोष्ट, आणि मला ती माहीत होती हो, पेपरात दहा वेळा वाचलेली. पण त्या क्षणी डोक्यात चाकं होती.

त्यानंतरचा मूर्खपणा सगळ्यात मोठा. 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, तिथे लगेच फोन केला तर पैसे पुढच्या अकाउंटला जायच्या आधी अडवता येण्याची शक्यता असते. मी केला 11 दिवसांनी. का, तर लाज. कंपनीत फोटो दाखवून बसलो होतो ना. यूपीआयचे 12 आकडी रेफरन्स नंबर मागितले, तीनही दिले, ऑनलाइन पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले, सायबर पोलीस स्टेशनला जाऊन कागद दिले. नीट ऐकून घेतलं त्यांनी. पण पैसे त्याच दिवशी निघून गेलेले, अकाउंट त्या वहिनींचं, आणि वहिनी राहणाऱ्या दुसऱ्याच राज्यातल्या, त्यांना तरी माहीत असेल का देव जाणे.

आता मी कोणाकडून काही करून घ्यायचं तर आधी गप्प बसतो. तुम्हीपण मापं सांगू नका, त्यालाच विचारा. बाबा, तू सांग बोरानी रिमला टायर कुठे बसतो, स्पोक कुठून सुरू होतो. खरं काम करणारा उलट तुमच्याशी वाद घालेल, तुमची चूक काढेल, तो "करेक्ट सर" करत बसणार नाही. आणि फोटो नको, व्हिडिओ कॉल, त्यात अर्धवट झालेला जॉब हातात धरायला लावा, शेजारी आजचा पेपर, आणि मधेच म्हणा की जरा उलटा कर. ज्याने बनवलाय त्याला दोन सेकंद लागतात. पैसे पाठवताना नाव दुसऱ्याचं दिसलं की तिथेच थांबा, मग वहिनी असो की आत्या. पार्सल फोडताना पट्टी कापायच्या आधीपासून व्हिडिओ चालू पाहिजे. आणि गेलेच पैसे तर आधी 1930, लाजायचं ते नंतर.

चाकं माझी मीच करतोय परत. लेथवर रिम टर्न केली, डिव्हायडिंगसाठी, म्हणजे भोकं सारख्या अंतरावर यायला, एक जिग बनवलं, ड्रिल हातात न धरता स्टँडला. पहिल्या चाकाला डायल लावला तर रनआउट, म्हणजे फिरताना होणारी हालचाल, 0.3 आला. कंपनीत असता तर रिजेक्ट, इथे मी पास केला.

तर मागच्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका पोराचा मेसेज आला, त्याच ग्रुपवरचा, लोटस 49 ही रेसची गाडी करतोय 1:12 ला. त्याला इंजिनाच्या वरच्या आठ ट्रम्पेट, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तुतारीसारख्या नळ्या, टर्न करून हव्या होत्या आणि एक जण तयार झालाय, पुण्याचा, फार अभ्यासू आहे म्हणे काका, पहिलाच प्रश्न त्याने विचारला की 1967 ची हिरवी का 1968 ची लाल-पांढरी, आणि स्वतः मासेराती 250एफ करतोय, 1957 ची, बारीक नळ्यांची फ्रेमवाली, फँगिओने 1954 ला पण चालवलेली पण ही ती नाही वगैरे सगळं सांगितलं त्याने. सोबत त्याच्या कामाचा फोटो.

फोटो उघडला. हिरवी कटिंग मॅट, डाव्या कोपऱ्यात जळलेला डाग, तिथे माझी सोल्डरिंग आयर्न पडली होती दिवाळीच्या आधी. बाजूला फ्लक्स ठेवायला घेतलेलं पेढ्याच्या डब्याचं झाकण. मधे पितळी फ्रेम. खाली पोराने लिहिलं होतं, काका तुम्ही क्यूसीला आहात ना, काम कसं वाटतंय, देऊ का अ‍ॅडव्हान्स?

मी त्याला कळवलं, मागच्या आडव्या नळीच्या उजव्या जॉइंटला सोल्डर जास्त झालंय बघ, फाइल मारायची राहिलीय. आता लगेच फोन कर मला, ती राहिलीय कारण तो जॉइंट माझा आहे.