किलोच्या भावातल्या अमिश कादंबऱ्या

स्वारगेटजवळच्या एका मंगल कार्यालयात अधूनमधून किलोवर पुस्तकं विकणारं प्रदर्शन भरतं. यंदा इंग्रजी कादंबऱ्यांचा भाव २०० रुपये किलो होता. माल बहुतेक अमेरिका-इंग्लंडातल्या वाचनालयांनी बाद केलेला. आत शिक्के, तारखांचे कागद, क्वचित कुणाच्या तरी किराणा यादीची घडी. मांडणीच्या नावाने आनंद आहे. क्रेट ओळीने ठेवलेत, त्यात रहस्यकथेशेजारी वजन कमी करण्याचं पुस्तक आणि त्याखाली बायबल. पार्किंग नाही. बिलाच्या टेबलावर काटा आधी शून्यावर दाखवा म्हटलं तर दाखवला, तेही न कुरकुरता, हे नोंदवून ठेवतो. परत घेत नाहीत, बदलून देत नाहीत, पिशवीचे वेगळे पैसे घेतात.

एका क्रेटमध्ये मात्र कुणीतरी एकाच जातीचा माल भरून ठेवला होता. प्रत्येक मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली, नजर खाली लावलेली मुलगी, मागे मक्याचं शेत आणि लाल कोठार. अमिश कादंबऱ्या. (आपल्याकडे हे नाव घेतलं की शंकरावर कादंबऱ्या लिहिणारे लेखक आठवतात. तिथल्या मुलालाही तेच आठवले आणि त्याने मला भलत्याच टेबलाकडे धाडलं.) हे अमिश म्हणजे १६९३ साली याकोब आम्मान याच्यामागे इतरांपासून वेगळे झालेले साधे ख्रिस्ती लोक. युरोपात आता उरले नाहीत, अमेरिकेत आणि थोडे कॅनडात मिळून चार लाखांच्या आसपास आहेत. घोड्याची बग्गी, घरात बाहेरून तारेने येणारी वीज नाही, शाळा आठवीपर्यंत. त्यांच्यावरच्या प्रेमकथांचा तिकडे मोठा बाजार आहे, आणि लिहिणाऱ्या बहुतेक जणी स्वतः अमिश नाहीत. सगळा क्रेट काट्यावर चढवला. ४ किलो ३०० ग्रॅम, ८६० रुपये.

आता मी ही पुस्तकं कशी वाचली ते सांगतो, म्हणजे पुढची कुरकुर समजेल. मी आरएमएसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर होतो. नोकरीभर दुसऱ्यांचे पत्ते वाचले. त्यामुळे कादंबरी हातात आली की नायिकेचं मन कुणावर जडलंय हे मी नंतर बघतो, आधी ती राहते कुठे ते बघतो. या गठ्ठ्यात तर लेखिकांचे सरळ तीन पंथ पडलेत. काहींनी खरं गाव घेतलंय. काहींनी जिल्ह्यासकट सगळंच मनाने रचलंय. आणि काहींनी जिल्हा खरा ठेवून त्यात एक खोटी वाडी वसवली आहे. मला पटला तो तिसरा प्रकार, पण तिथपर्यंत बाकीच्या दोघांतून जावं लागलं.

खऱ्या गावांपासून सुरुवात करू. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बर्ड-इन-हँड, पॅराडाइज आणि इंटरकोर्स या नावांची खरीखुरी गावं आहेत. तिसऱ्या नावाचं पाकीट आमच्या सेक्शनमध्ये आलं असतं तर अर्धा तास काम बंद पडलं असतं. पण त्याला १७५३४ हा झिप कोड आहे आणि तिथे रोजचं टपाल जातं. भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा आणि खुन्या मुरलीधर ही ज्याच्या पायाखालची ठिकाणं आहेत, त्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. रचलेली नावं कशी असतात ते गठ्ठ्यातच बघा: अमुक क्रीक, तमुक व्हॅली, ढमुक मेडो. सगळी गोड आणि सगळी सारखी. खऱ्या वस्तीचं नाव ठेवताना कुणी वाचकाचा विचार केलेला नसतो, म्हणून ते कानाला खडबडीत लागतं.

तर एका बाईंनी बर्ड-इन-हँड घेतलंय. रस्ते बरोबर आहेत, बाजार बरोबर आहे. आणि मग पाचव्या प्रकरणात नायिका सकाळची दूध काढण्याची कामं आटपून बग्गीने फिलाडेल्फियाला जाते आणि रात्रीच्या जेवणाला घरी! अहो, शंभर किलोमीटर आहे ते, एका बाजूचं. बग्गीचा घोडा तासाला बारा-तेरा किलोमीटर पळाला तरी चांगला पळाला म्हणायचा, आणि तेही दिवसभर नाही. खरे अमिश एवढ्या लांब जायचं झालं तर शेजारच्या बिगर-अमिश माणसाची गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घेतात, नाहीतर रेल्वेने जातात. गाडी स्वतःची ठेवायची नाही, बसायला हरकत नाही. म्हणजे लेखिकेला सोपी वाट होती, आणि शेजाऱ्याच्या गाडीत बसून एक चांगला संवादही मिळाला असता. खरं गाव घेतलं की वाचक नकाशा काढतो, एवढं ध्यानात ठेवायला हवं होतं.

आता सगळंच रचलेलं. ओहायोतली एक बनावट काउंटी. लेखिकेला वाटलं असणार की कुणी चूक काढायला नको. पण चूक काढायला गावाचं नाव लागतच नाही, बग्गीचं टप पुरतं. लँकेस्टरच्या बग्ग्या राखाडी असतात. ओहायोच्या होम्स काउंटीत काळ्या. पेन्सिल्व्हेनियातल्याच मिफ्लिन काउंटीतल्या बिग व्हॅलीत तर एकाच खोऱ्यात पांढऱ्या, पिवळ्या आणि काळ्या टपाच्या बग्ग्या हिंडतात, कारण तिथे तीन वेगळे गट आहेत आणि टप दिसलं की माणूस कुठला ते कळतं. इंडियानातल्या अ‍ॅडम्स काउंटीत टपच नाही, पाऊस आला की छत्री. आडनावांचंही तेच. स्टोल्ट्झफुस, लॅप, बाइलर म्हटलं की लँकेस्टर. ट्रॉयर, हर्शबर्गर म्हटलं की होम्सची बाजू. श्वार्ट्झ म्हटलं की अ‍ॅडम्स काउंटी, आणि ते लोक घरात पेन्सिल्व्हेनियाची जर्मन न बोलता स्विस वळणाची बोलतात. या बाईंच्या बनावट काउंटीत राखाडी बग्गी, तीत बसलेले श्वार्ट्झ आजोबा आणि मागून सायकलवर येणारा लॅप. लँकेस्टरमध्ये सायकल चालत नाही, पायाने ढकलायची स्कूटर चालते. सायकली पाहायच्या तर इंडियानात शिपशेवानाकडे जा. कोल्हापूरचा फेटा, वऱ्हाडी बोली आणि आगरी आडनाव एकाच माणसाला चिकटवून त्याला ‘महाराष्ट्रातल्या एका खेड्यात’ उभा करावा तसं झालंय.

गाव रचायला माझी हरकत नाही, पण रचलेलं गावही कुठल्या तरी खऱ्या मुलखातच रचावं लागतं. अमिशांत तर जास्तच, कारण त्यांचा नियम देशभर एक नाही. प्रत्येक चर्च डिस्ट्रिक्टची स्वतःची ओर्डनुंग असते, म्हणजे लिहून न ठेवलेली पण सगळ्यांना पाठ असलेली नियमावली. टोपीला चुण्या किती, गॅसचा फ्रिज चालेल का, टेलिफोनची खोपटी शेताच्या कडेला बांधायची की नाही. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, सगळे बसून त्यावर एकमत करतात. रस्त्याच्या या बाजूला जे चालतं ते पलीकडच्या डिस्ट्रिक्टमध्ये चालेलच असं नाही. लेखकाला यासारखी सोय दुसरी नाही. खोटी वाडी वसवा, तिला स्वतःचा नियम द्या, कोण तुम्हाला खोटं ठरवणार?

आणि हे डिस्ट्रिक्ट असतं केवढं? वीस ते चाळीस कुटुंबं. बहुतेक अमिशांत चर्चची इमारतच नसते. रविवारआड प्रार्थना आळीपाळीने एकेकाच्या घरी, कोठारात नाहीतर तळघरात. बाकं एका बंद गाडीत भरून या घरून त्या घरी हलवतात. मला हे वाचून फार गंमत वाटली, कारण असं देऊळ टपालाच्या दृष्टीने ‘मालक सापडत नाही’ या शेऱ्याचं. पण गंमत बाजूला ठेवली तर खोटी वाडी हवीच का, याचं उत्तर इथेच आहे. चाळीस कुटुंबांत एक बिशप. तोही शिकून झालेला नाही, चिठ्ठी टाकून निवडलेला आणि मरेपर्यंत त्या पदावर. गठ्ठ्यातल्या निम्म्या कादंबऱ्यांत कडक, मनातून वाईट बिशप आहे, कारण नायिकेला कुणीतरी अडवायला हवं. तुम्ही खरं गाव, खरा रस्ता, खरा ओढा लिहिला आणि त्यात असा बिशप ठेवला, तर तो कोण हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ते कोर्टात जाणाऱ्यातले नाहीत, उत्तर छापणाऱ्यातलेही नाहीत. म्हणून तर जास्त जपायला हवं.

त्यांच्यात बातमी किती फिरते याचाही लेखिकांना अंदाज नसावा. ओहायोतल्या शुगरक्रीक गावातून ‘द बजेट’ नावाचं साप्ताहिक १८९० पासून निघतं. त्यात ठिकठिकाणच्या अमिश वस्त्यांतून कुणी ना कुणी पत्र पाठवतो: पाऊस किती झाला, प्रार्थना कुणाकडे होती, कोण कुणाकडे पाहुणा आला, कुणाला मुलगी झाली. वर वस्तीचं नाव, खाली लिहिणाऱ्याचं. फोन नाही म्हणून हे लोक जगापासून तुटलेत असं समजून लिहिलेल्या तीन कादंबऱ्या या गठ्ठ्यात आहेत. त्यातल्या एकीत नायकाचं दुसऱ्या राज्यातलं लग्न मोडल्याचं दोन वर्षं कुणालाच कळत नाही. पुढच्या आठवड्याला छापून आलं असतं हो.

काही नावं तर घ्यायचीच नाहीत. लँकेस्टर काउंटीतल्या निकेल माइन्सच्या शाळेत २००६ च्या ऑक्टोबरमध्ये गोळीबार झाला, पाच मुली गेल्या. लोकांनी दोन आठवड्यांच्या आत ती शाळा पाडून जागेवर गवत होऊ दिलं आणि जवळच नवी शाळा वेगळ्या नावाने बांधली. तिथल्या लोकांनीच जे ठिकाण पुसून टाकलं, ते प्रेमकथेला पार्श्वभूमी म्हणून वापरू नये. गठ्ठ्यात तसं कुणी केलेलं नाही, हे त्यांच्या बाजूने.

मग चांगली पुस्तकं कुठली? खोट्या वाडीची दोन आहेत. त्यातलं एक, निळ्या मुखपृष्ठाचं, पहिल्याच पानावर सांगून टाकतं की ही वाडी इंटरकोर्स आणि पॅराडाइज यांच्या मधे कुठेतरी आहे. बस, मी सुटलो. राखाडी बग्गी, स्टोल्ट्झफुस मंडळी, तंबाखूची पानं वाळत घातलेली शेड, सुगीनंतरच्या मंगळवार-गुरुवारची लग्नं. आणि सेलरी, ती दांड्यांची भाजी! लँकेस्टरच्या लग्नजेवणाला सेलरी ढिगाने लागते, म्हणून ज्या घरी उपवर मुलगी आहे तिथल्या परसात यंदा सेलरीच्या ओळी वाढल्या की शेजारणी मोजायला लागतात. लेखिकेने नायिकेचं गुपित त्या ओळींवरूनच फोडलंय. हे बनावट काउंटीत बसून सुचत नाही. वाडी नकाशावर नाही, पण तिथे पत्र टाकलं तर पोचेल असं मला वाटलं, आणि माझ्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळायचं नाही. मधली शंभर पानं कंटाळवाणी आहेत, प्रार्थना फार, ती चाळली तरी चालतील.

आमच्या हिने या पुस्तकांचा वेगळाच निकाल लावला. बऱ्याच कादंबऱ्यांच्या शेवटी पाककृती असतात, तेवढ्याच तिने वाचल्या. काकवीचा शूफ्लाय पाय आपल्या गुळाच्या काकवीने करून पाहिला. ठीक झाला. पुन्हा करणार नाही म्हणाली.

एक पुस्तक मात्र खऱ्या वस्तीचं असूनही या पंथांत नीट बसत नाही आणि तेच मला सगळ्यांत आवडलं. ते घडतं फ्लोरिडात, सारासोटा शहरातल्या पाइनक्राफ्ट नावाच्या वस्तीत. ही वस्ती खरी आहे. थंडीत ओहायो, इंडियाना, पेन्सिल्व्हेनियातून अमिश लोक बस भरभरून तिथे हवापालटाला येतात. घोडे नाहीत, बग्ग्या नाहीत, आजी-आजोबा मोठ्या तीनचाकी सायकलींवरून समुद्राच्या हवेत फिरतात, आणि भाड्याच्या घरांत वीजही असते. इथे श्वार्ट्झ आणि लॅप शेजारी बसले तरी कुणी हरकत घेऊ शकत नाही. लेखिकेने ते नेमकं हेरलंय. संध्याकाळी बस येते, बघ्यांची गर्दी जमते आणि नायिका उतरणाऱ्या बायकांच्या टोप्यांवरून ओळखत जाते: ही हृदयाच्या आकाराची म्हणजे लँकेस्टर, ही चुण्यांची म्हणजे मिडवेस्टकडची. आमच्या सेक्शनला बसवली असती तर आठवड्यात तयार झाली असती. गोष्टीत विशेष काही घडत नाही. दोन म्हातारे शफलबोर्डच्या खेळावरून भांडतात आणि वसंतात सगळे आपापल्या नियमांत परत जातात. वजन ३४० ग्रॅम, म्हणजे ६८ रुपये पडले.