गच्चीवरचा ‘हीट पंप’ आणि आमचे एक लाख पंधरा हजार

धायरीतल्या आमच्या रो-हाउसच्या गच्चीवर २०१२ पासून दोनशे लिटरचा सोलर होता. काळ्या पॅनेलचा, आत तांब्याच्या नळ्या. बारा वर्षं त्याच्याकडे कुणाला बघावंही लागलं नाही. मागच्या दिवाळीनंतर मात्र कडक ऊन पडूनही पाणी कोमटच यायला लागलं. सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यांची आंघोळ पहाटे साडेपाचला. कोमट बादलीवरून घरात रोज सकाळी जे काही ऐकावं लागे, त्याने मी टेकीला आले होते. नेमका त्याच आठवड्यात कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मोफत सोलर तपासणी’ असा मेसेज फिरला. मीच फोन केला.

आलेला मुलगा तिशीतला. चप्पल दाराबाहेर काढून आला, सासूबाईंच्या पाया पडला. मला पहिल्या पाच मिनिटांत ‘आई’ म्हणायला लागला. गच्चीवर जाऊन दोन पॅनेलवर टकटक केलं, टाकीला कान लावला आणि खाली येऊन म्हणाला, “आई, हा सोलर संपलाय. आतून सगळा सडलाय. दाखवतोच तुम्हाला.”

त्याने डायनिंग टेबलावर काचेचे दोन ग्लास मांडले. एकात आमच्या टाकीचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. पेनासारखं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आमच्या ग्लासात बुडवलं, आकडा आला ७४०. “सरकारी मर्यादा ५००!” मग पिशवीतून एक डबी काढली, तिच्याखाली धातूच्या दांड्या. त्या दोन्ही ग्लासांत सोडून डबी प्लगला लावली. अर्ध्या मिनिटात आमचं पाणी पिवळं झालं, मग विटकरी, मग गटारासारखं काळपट, वर फेस. त्याचं पाणी जसंच्या तसं. सासूबाईंनी तर पदर तोंडाला लावला. “हे तुमच्या टाकीतून निघतंय, आई.”

ते टाकीतून निघत नव्हतं, त्याच्या दांडीतून निघत होतं. त्या दांड्यांतली एक लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड विरघळून गंजाचा गाळ होतो. त्याच्या बाटलीत आरओचं पाणी होतं, त्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही आणि पाणी स्वच्छ राहतं. चांगल्या बोअरच्या पाण्याचाही असाच रंग झाला असता. टीडीएसचं म्हणाल, तर पिण्याच्या पाण्याला ५०० ही हवीशी मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं, आणि आमचा प्रश्न आंघोळीच्या पाण्याचा होता. हे सगळं मला नंतर कळलं. आमचे हे मेकॅनिकल इंजिनिअर, पिंपरीच्या कारखान्यात ३१ वर्षं नोकरी, आणि त्या वेळी माझ्या शेजारीच उभे होते. हे मुद्दाम लिहितेय. त्यांच्या परवानगीने.

उपाय काय, तर हीट पंप. जुना सोलर काढायचा, घरातली गरम पाण्याची लाइन तीच ठेवायची, भिंत फोडायची नाही. हीट पंप ही वस्तू खरी आहे आणि चांगलीही आहे. फ्रिज उलटा चालवावा तशी ती बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देते, म्हणून साध्या गीझरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात भागतं. ह्यांनी लगेच हिशेब मांडला. दोनशे लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला साध्या गीझरच्या कॉइलने आठ युनिट लागतील, हीट पंपने पावणेतीन. हिशेब बरोबर होता. आणि तो बरोबर होता म्हणूनच आम्ही फसलो.

किंमत १,१९,०००. जुन्या सोलरचे ४,००० वजा. वर ‘सूर्यघर योजनेची सबसिडी’ ३०,००० खात्यात येणार, त्यासाठी आधार, लाइट बिल आणि कॅन्सल चेकचे फोटो घेतले. बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी पडेल, “घरच्यासारखं आहे, कशाला?” ७०,००० ॲडव्हान्स, ४५,००० काम झाल्यावर. पैसे यूपीआयने गेले, तेही कंपनीच्या नाही, कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. नाव वेगळं दिसतंय असं मी म्हणाले, तर म्हणाला, “अकाउंटंट आहेत आमचे.”

काम एका दिवसात झालं. पाणी कढत आलं, सासूबाई खूश. जानेवारीत लाइट बिल आलं. दर महिन्याला १७५-१८० युनिट जायचे, ते ४१८. ह्यांनी वजाबाकी केली, २४० आली. तीस दिवस गुणिले आठ. बराच वेळ ते त्या कागदाकडे नुसते बघत बसले.

त्या मुलाने फोनवर “थंडीत जास्त लागतंच, आई” असं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा फोनच उचलला नाही. मग आमच्या नेहमीच्या एसीवाल्याला बोलावलं. मशीन चालू करून दहा मिनिटं थांबला, मग मला म्हणाला, “ताई, पंख्यासमोर हात धरा. गार लागतंय का?” लागत नव्हतं. खरा हीट पंप हवेतली उष्णता खेचतो, तर त्याच्या पंख्याची हवा गार लागायला हवी, एसीच्या बाहेरच्या पेटीच्या अगदी उलट. खाली थोडं पाणीही ठिबकतं. इथे नुसता वारा. त्याने वायरला क्लॅम्प मीटर लावला: १३ अँपिअर. “हा कॉम्प्रेसरचा करंट नाही. आत तीन किलोवॉटची कॉइल आहे सरळ.” मग पेटीवरचं चकचकीत स्टिकर नखाने सोलायला घेतलं. खाली जुनी प्लेट, एका एसीची, एक टनाची. रंग मारलेली भंगारातली पेटी, आत गॅसचा पत्ता नाही, पंखा तेवढा फिरता ठेवलेला.

याहून वाईट प्लंबरने दाखवलं. सोलरच्या टाकीला वर उघडा पाइप होता, वाफ आणि हवा जायला. नवी टाकी बंद होती आणि तिच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग मारलेला. पाणी तापल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅटच चिकटला असता तर? प्लंबर म्हणाला, “ही टाकी नाही ताई, बिनशिट्टीचा कुकर आहे.” त्याच क्षणी मेन स्विच बंद केला. सासूबाईंचं पाणी तेव्हापासून गॅसवर तापतंय.

जुना सोलर सडला नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर. त्या पाण्याचा चुना तांब्याच्या नळ्यांत बसला होता. ॲसिडने धुऊन काढायचं काम, प्लंबरच्या हिशेबाने अडीच-तीन हजारांचं. त्या दोन पॅनेलमध्ये मिळून बाराएक किलो तांबं असावं, स्टीलची टाकी वेगळी. तांब्याची मोड आज किलोला सातशेच्या वर जाते. म्हणजे चार हजारांत त्याने ते उचलून नेलं तिथेही कमावलेच. आणि सोलरमुळे मालमत्ता करात ५ टक्के सवलत मिळायची. आता गच्चीवर सोलरच नाही, तर ती कशाच्या जिवावर मागायची?

सबसिडीचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना ही छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे: १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ आणि त्यावर ७८,०००. तीही पोर्टलवर अर्ज, नेट मीटर, तपासणी हे सगळं झाल्यावर. पाणी तापवण्याच्या यंत्राशी तिचा संबंध नाही. पाण्याच्या सोलरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालंय. आकडा खरा, योजना खरी, फक्त वस्तू वेगळी. माझ्या आधारचा फोटो अजून त्याच्याकडे आहे, याची धास्ती वेगळीच.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिल नाही, पण यूपीआयच्या पावत्या, त्याचे मेसेज, स्टिकर सोलतानाचा व्हिडिओ आणि एसीवाल्याने लेटरहेडवर लिहून दिलेला अँपिअरचा आकडा आहे. हेल्पलाइनवर नोंद झाल्यावर चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. वीस हजार देतो, ‘तक्रार गैरसमजातून केली होती’ एवढं लिहून सही करा. आई म्हणाला नाही, मॅडम म्हणाला.

कागद त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलाय. मी त्याचीही प्रिंट काढून फाइलला लावली आहे.