टर्बो बदलण्याआधी: स्कॅनर, हातपंप की गळतीची चाचणी?

गाडीचा पिकअप गेला, चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०२९९ आला, म्हणजे बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) कमी. किंवा पी ०२३४ आला, म्हणजे बूस्ट प्रमाणाबाहेर. पुष्कळदा इथेच ‘टर्बो गेला’ असं ठरतं आणि नवा टर्बो मागवला जातो. कोडचा अर्थ मात्र एवढाच असतो, की मागितलेला दाब आणि मिळालेला दाब जुळले नाहीत. दोष दोन रुपयांच्या नळीत असू शकतो.

सुरुवात मी स्कॅनरनेच करेन, पण कोडसाठी नव्हे, लाइव्ह डेटासाठी. चावी चालू, इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीजवळ सुमारे १०० किलोपास्कल, उंचावर त्याहून कमी. तिथेच आकडा चुकला, तर आधी सेन्सर आणि त्याचं वायरिंग. आकडा बरोबर असेल तर गाडी लोडवर चालवा, वाचायला शेजारी दुसरा माणूस हवाच. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि टर्बोचं नियंत्रण करणाऱ्या सोलेनॉइड झडपेची ड्युटी सायकल (ती किती टक्के वेळ चालू आहे ते), तिन्ही एकत्र बघा. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, ड्युटी टोकाला नेली आणि तरी दाब चढत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक्स आपलं काम करतंय आणि गडबड पुढे कुठेतरी आहे. कुठे, हे मात्र स्कॅनर सांगू शकत नाही.

ते व्हॅक्यूमचा हातपंप सांगतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटी टर्बोसाठी (यात हलत्या पात्या, म्हणजे व्हेन, बूस्ट कमीजास्त करतात) मला याच्याइतकं भरवशाचं साधन दुसरं वाटत नाही. नळी थेट अॅक्च्युएटरला (रॉड ओढून व्हेन हलवणारी डबी) लावा आणि सावकाश व्हॅक्यूम द्या. रॉड न अडखळता पूर्ण सरकायला हवा आणि पंपाच्या गेजचा काटा मिनिटभर जागेवर राहायला हवा. काटा उतरला तर अॅक्च्युएटरमधला पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटलाय. काटा स्थिर पण रॉड अडकतोय, तर व्हेनवर काजळी बसलीय; सतत कमी वेगात, छोट्या फेऱ्यांत चालणाऱ्या गाड्यांत ती लवकर साचते. दोन्ही ठीक असेल, तर सोलेनॉइड आणि तिथवरच्या नळ्या तपासा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण अनुभवी हातही इथे फसतात. फुटलेली नळी प्रत्येक गाडीत सारखं लक्षण देत नाही. बहुतेक व्हॅक्यूमच्या व्हीजीटीमध्ये व्हॅक्यूम गेला की व्हेन उघड्या राहतात आणि बूस्ट पडतो. दाबावर उघडणाऱ्या वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) नळी फुटली, तर वेस्टगेट बंदच राहतो आणि बूस्ट हाताबाहेर जातो. म्हणून आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे, हे कोड वाचण्याआधी शोधा. अशा वेस्टगेटला हातपंपाने व्हॅक्यूम देऊन उपयोग नाही, मोजून हवेचा दाब द्यावा लागतो.

गळतीची चाचणी कमी बूस्टच्या तक्रारीसाठीच. लोडवर फुसफुस ऐकू येते आणि डिझेल गाडी काळा धूर सोडते, तर हीच आधी करा. धूर भरून गळती शोधणाऱ्या यंत्रात दाब फार कमी असतो. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा) होजची चीर कधीकधी बूस्ट चढल्यावरच उघडते आणि धुराला सापडत नाही. रेग्युलेटर लावून नेमका दाब भरणं आणि साबणाचं पाणी फिरवणं जास्त खात्रीचं.

अॅक्च्युएटर इलेक्ट्रॉनिक असेल तर हातपंप बाजूला ठेवा. तिथे अॅक्च्युएटर टेस्ट देणारा स्कॅनरच लागेल.

हे सगळं बरोबर निघालं, तरच टर्बोच्या शाफ्टकडे वळा. आडवा थोडा खेळ ऑइलच्या थरासाठी असतोच. पुढे-मागे खेळ हाताला स्पष्ट जाणवला किंवा टर्बोचं आतलं चाक त्याच्या घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो खरंच गेलाय. मागवण्याआधी ऑइलची फीड लाइन चोंदलेली नाही ना, तेवढं बघा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.