टॉर्चच्या पोटातली वायर: २२ गेज की २६?

एडब्ल्यूजी या अमेरिकन वायर-मापात (आकडा मोठा, तितकी वायर बारीक) २२ गेजचं तांबं मीटरला साधारण ५३ मिलिओहम अडवतं, २६ गेज १३४. टॉर्चमध्ये ड्रायव्हर (एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट) ते एलईडी जाऊन-येऊन जेमतेम १० सेंटीमीटर वायर लागते. ३ अँपिअरला २६ गेजमध्ये ०.०४ व्होल्ट पडतात. ७१३५ चिपचा लिनियर ड्रायव्हर (करंट ठराविक ठेवणारा) असेल तर सेल भरलेला असेपर्यंत उजेडात काडीचा फरक नाही, कारण जास्तीचे व्होल्ट तो तसेही उष्णतेत घालवतो. शिवाय बारीक वायर छोट्या भोकातून मुकाट जाते.

फेट ड्रायव्हर, म्हणजे सेल जवळजवळ थेट एलईडीला जोडणारा ट्रान्झिस्टर स्विच, त्यावर मात्र खेळ बदलतो. १० अँपिअरला तीच वायर ०.१३ व्होल्ट खाते, म्हणजे १.३ वॅट नुसते वायरीत. २२ गेजमध्ये ०.५ वॅट. तिथे मी डोळे झाकून २२ घेतो, तीही सिलिकॉनची. पीव्हीसीचं आवरण सोल्डरिंग करताना मागे सरकतं, वितळतं. अर्थात २२चं सिलिकॉन आवरण फुगीर असतं. भोक कानशीने थोडं मोठं करावं लागतं आणि कडा बोथट केली नाही तर शॉर्ट ठरलेलाच.

आणि हो, शेपटाच्या स्प्रिंगला तशीच जाड वायर समांतर जोडा. स्प्रिंग बहुधा वायरीपेक्षा जास्त अडवते.